चितारआळीतील पाने

परगावच्या नोकरीचा नेमस्त पगार सोडून सावंतवाडीच्या चितारआळीत गंजिफा, म्हणजे खेळण्याचे पारंपरिक पत्ते, रंगविण्याचा पेशा मी पत्करला, तो ज्या मुलखावर जीव जडला तेथेच हातांना आवडते काम मिळावे या एकाच मनीषेने. चिंचोक्याच्या खळीने ताठ केलेल्या वाटोळ्या पानावर मत्स्यावताराचे खवले केसाएवढ्या रेषेने उमटविताना श्वासदेखील जपून घ्यावा लागतो; आणि दशावतारी संचाची तर अशी १२० पाने! सावंतवाडीच्या राजघराण्यातील शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनी एका वृद्ध कारागिराकडून ही विद्या शिकून राजवाड्यात तिला आश्रय दिला नसता, तर ती बहुधा लुप्तच झाली असती. उत्पन्न बेताचे, पावसाळ्यात रंग वाळता वाळत नाहीत. तरीही मी येथे कृतार्थ आहे. सावंतवाडीस याल तेव्हा येथील लाकडी खेळण्यांबरोबर गंजिफाचे एखादे पानही हाती घेऊन पाहा.