सतरा आणि एकोणतीस

शनिवारच्या हॉबीच्या तासाला सहावीच्या मुलांना संगीतातलं काहीतरी सांगायचं काम माझ्याकडे आलं, कारण बँडमध्ये मी साइड ड्रम वाजवतो. मी ओलिव्हिए मेसियाँ निवडला. पॅरिसच्या त्रिनिते चर्चमध्ये तो 1931 पासून 1992 साली मरेपर्यंत ऑर्गन वाजवत होता. त्याची ऑर्गनची रचना लावली आणि दोन मिनिटांत मागची रांग डुलक्या घेऊ लागली. सकाळी पीटी झालेली, त्यांचा तरी काय दोष!

मग मी सांगितलं की हा माणूस युद्धकैदी होता. सगळे ताठ बसले. 1940 मध्ये जर्मनांनी त्याला पकडून गोर्लिट्झच्या छावणीत ठेवलं. तिथे त्याने व्हायोलिन, क्लॅरिनेट, चेलो आणि पियानो यांच्यासाठी एक रचना लिहिली. 15 जानेवारी 1941 ला चार कैद्यांनी ती वाजवली, पियानोवर तो स्वतः. ऐकायला कैदी होते आणि पहारेकरीही. बेंगळुरूच्या गारव्यात जर्सी घालणाऱ्या आमच्या मुलांना तिथली थंडी समजावणं अवघड गेलं.

"सर, तो पळून का नाही गेला?" एकाने विचारलं. मला उत्तर सुचलं नाही.

त्या रचनेच्या पहिल्या भागात पियानोचा ठेका आपल्याकडचा आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यातल्या 120 देशी तालांची यादी मेसियाँने फ्रेंच ज्ञानकोशात वाचली आणि तीन ताल जोडून 17 ठोक्यांचं चक्र केलं. देवगिरी म्हणजे दौलताबाद. चौथीत मी तिथे सहलीला गेलो होतो. फक्त तोफ आठवते.

या 17 ठोक्यांवर तो 29 स्वरमेळ फिरवतो. कवायतीत सगळ्यांची पावलं एकत्र पडावी लागतात, इथे दोन चक्रं सतत चुकत राहतात. पुन्हा एकत्र यायला 493 ठोके लागतात आणि त्याआधीच तो भाग संपतो. आम्ही मात्र करून पाहायचं ठरवलं. एका तुकडीने दर 17 ला टाळी, दुसरीने दर 29 ला पाय आपटायचा. दीडशेच्या आसपास गोंधळ झाला. "राहू द्या," मी म्हणालो.

एकजण थांबला नाही. तो साताऱ्याचा, याच वर्षी आलेला. उशीखाली कॅलेंडर ठेवून रोज रात्री एक तारीख खोडतो. आदल्याच रविवारी फोनवर वडिलांना "मला घेऊन जा" म्हणताना मी त्याला ऐकलं होतं. आता तोच मोठ्याने आकडे म्हणत होता. बाकीचे हळूहळू त्याच्या मागे आले. चार मिनिटांहून थोडं जास्त लागलं. 493 ला टाळी आणि पाय एकदम पडले, आणि इतका आरडाओरडा झाला की शेजारच्या वर्गातून सर बघायला आले.

रात्री लाइट्स आउटच्या आधी तो माझ्या पलंगाशी आला. शाळेत तो मला सर म्हणतो, पण तेव्हा आसपास कोणी नव्हतं.

"दादा, त्याला कधी सोडलं?"

"त्याच वर्षी. 1941 मध्ये."

"मग पुढच्या शनिवारी पुढचा भाग लावणार ना?"