थाप आधी दिसते, मग ऐकू येते

चेन्नईत, ओरगडमला राहायला आल्यापासून मैफलीत माझे लक्ष गायकाइतकेच श्रोत्यांच्या हातांकडे जाते. येथे ताल उघडपणे, मांडीवर मोजला जातो. आदितालाच्या आठ मात्रा म्हणजे एक टाळी, करंगळीपासून तीन बोटे, मग दोनदा टाळी आणि उलटा हात. आपल्याकडे समेवर मान डोलते. येथे प्रत्येक मात्रेला हात हलतो. ज्याने लहानपणापासून असे मोजले, त्याच्यासाठी ताल ही ऐकण्याइतकीच पाहण्याचीही गोष्ट होते.

आता थोडे भौतिकशास्त्र. येथील उबदार हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३५० मीटर जातो. ध्वनिवर्धक नसेल, तर मृदंगापासून ३५ मीटरवर बसलेल्याला थाप दिसल्यानंतर दशांश सेकंदाने ऐकू येते. तरीही दोन घटना घडल्याचे सहसा जाणवत नाही, कारण थोड्या अंतराने आलेले दृश्य आणि नाद मेंदू एकत्र बांधतो. या सवलतीच्या अवधीला आपण कालखिडकी म्हणू.

ली आणि नोपेनी यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पियानोवादकांची ही खिडकी संगीताच्या बाबतीत इतरांपेक्षा अरुंद आढळली: हात आणि सूर यांतली तफावत त्यांना लवकर कळे. बोलणाऱ्याचे ओठ आणि शब्द यांच्या बाबतीत मात्र असा लाभ दिसला नाही. मला हा दुसरा निष्कर्ष अधिक मोलाचा वाटतो. ‘संगीत शिकवा, मुलाची बुद्धी तल्लख करा’ असे सांगणाऱ्या शिकवणीवर्गांनी तो भिंतीवर लावावा! शिवाय अशा तुलनेतून रियाजाने खिडकी अरुंद झाली, की मुळात अरुंद खिडकीची माणसे संगीताकडे वळली, हे ठरत नाही.

आणि शिक्षणाने कान डोळ्यांपासून मुक्त होतो म्हणावे, तर तसेही नाही. शुट्झ आणि लिप्स्कोम यांनी २००७ मध्ये दाखवले, की मरिंबा या लाकडी पट्ट्यांच्या वाद्यावर वादकाने हात लांबवर फिरवला, की ऐकणाऱ्यांना सूरही लांबल्यासारखा वाटतो. नाद तोच असतो. ‘दृश्याकडे दुर्लक्ष करा’ ही सूचना संगीताच्या विद्यार्थ्यांनाही पाळता आली नाही. चिया-जुंग त्साय यांच्या २०१३ च्या अभ्यासात तर स्पर्धेचा विजेता जाणकारांनी नुसत्या ध्वनिमुद्रणापेक्षा मूक चित्रफितीवरून अधिक अचूक ओळखला. परीक्षकांनी यावर जरूर विचार करावा.

मृदंगाच्या पुडीवर वाळू पसरून तिची कंपने डोळ्यांना दाखवण्याचे काम रामन यांनी १९३४ च्या निबंधात केले. उरला आहे तो पाहणाऱ्याचा प्रश्न, आणि त्याचा प्रयोग विद्यार्थ्यांना साध्या मोबाइलवर करता येईल. मृदंगाच्या थापेची चित्रफीत घ्यावी, ध्वनी २० मिलिसेकंदांच्या पायऱ्यांनी मागेपुढे सरकवावा आणि ‘एकाच वेळी की नाही’ एवढेच विचारावे: मृदंग शिकणाऱ्यांना, मांडीवर ताल मोजणाऱ्या श्रोत्यांना आणि यांपैकी काहीच न करणाऱ्यांना. मग त्याच सर्वांना तबल्याची थाप दाखवावी, आणि शेवटी सुताराचा हातोडा.