वडगावच्या शिवारातील हिवाळी छत्री

पौषातील सकाळी पेठ वडगावच्या शिवारात उसाच्या फडांवर धुके उतरलेले असते आणि दूरच्या गुऱ्हाळाचा गोडसर वास येत असतो. अशाच एका सकाळी पाटाच्या कडेला सत्तरी ओलांडलेले एक परिचित गृहस्थ भेटले. हातात पांढरीशुभ्र छत्री होती.

"डॉक्टर, अळंबी घावली. नातवंडांस्नी कालवण करतो."

मी विचारले, "आबा, लहानपणी अळंबी कधी आणायचा?"

"पावसाळ्यात. वारुळावरची," असे म्हणत ते स्वतःच थबकले.

आपली परिचित अळंबी वारुळातील वाळवीच्या आधाराने, पावसाळ्यात उगवते. तिच्या टोपीच्या मध्यभागी टोकदार उंचवटा असतो आणि देठ मुळासारखा खोल वारुळापर्यंत गेलेला असतो. आबांच्या हातातील छत्रीचा देठ आखूड होता व त्यावर सैल कडे होते. गवतात उगवणारी एक विषारी जात अशीच दिसते. तिच्या टोपीखालचे पापुद्रे आरंभी पांढरे असतात, पुढे हिरवट होतात. त्यामुळे कोवळेपणी ती फसवते.

थंडीत उगवणारी खाद्य छत्री जगात आहे. ती म्हणजे रानटी एनोकी. थंड प्रदेशांत मृत झाडांच्या खोडांवर ती वाढते. मात्र तशाच लाकडावर तिच्यासारखी दिसणारी, यकृत निकामी करणारी गॅलेरिनाही उगवते. परदेशी मुलांकडे हिवाळा घालविणाऱ्या ज्येष्ठांनी हे ध्यानी ठेवावे.

चांदीचे नाणे काळे पडले नाही, किडीने खाल्ली आहे, या परीक्षा निरर्थक होत. हे यकृतघातक विष शिजवूनही नष्ट होत नाही. उलट्या-जुलाब बहुधा सहा ते बारा तासांनी किंवा त्याहूनही उशिरा सुरू होतात. मग एखादा दिवस बरे वाटते आणि त्याच काळात यकृत ढासळत असते. म्हणून संशय येताच, लक्षणांची वाट न पाहता १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णालय गाठावे. खाल्ल्याची वेळ सांगावी, उरलेली छत्री कागदात गुंडाळून सोबत न्यावी. रक्तदाबाची वा लघवी वाढविणारी औषधे घेणाऱ्या वृद्धांना जुलाबांनी शोष लवकर पडतो.

आबांनी छत्री बांधाखाली टाकली, पाटात हात धुतले. भाताच्या पेंढ्यावर वाढविलेली धिंगरी हिवाळ्यात उत्तम येते, ती बाजारातून न्यावी, असे मी सुचविले.

"चव तीच लागंल काय?" त्यांनी विचारले.

"तशी नाही लागणार, आबा, पण नातवंडांना निर्धास्तपणे वाढता येईल."