भाषणं नंतरही ऐकता येतात

पायथन भाषेत काम करणाऱ्यांची पायकॉन इंडिया ही परिषद २००९ मध्ये बंगळुरूत सुरू झाली. तिकीट, प्रवास, राहणं धरलं तर नव्या नोकरदाराच्या खिशाला ती जडच जाते. अब्बू विचारायचे, "बेटा, भाषणं यूट्यूबवर येतात ना? मग एवढा खर्च कशाला?"

प्रश्न रास्त होता. पण आमच्या खानदानात या क्षेत्रात कुणीच नाही. ज्यांचे चाचा-मामू कंपन्यांत आहेत त्यांना सल्ला घरीच मिळतो. मला तो तिथे शोधावा लागतो.

म्हणून जाताना अडलेल्या कामाचा एक नेमका प्रश्न लिहून नेते. दिवसाला दोन-तीनच भाषणं ऐकते. उरलेला वेळ चहाच्या रांगेत, व्हरांड्यात. वक्ते मंचावरून उतरले की गाठते. पाच मिनिटांच्या 'लाइटनिंग टॉक'मध्ये नवख्यालाही बोलता येतं. 'डेव्ह स्प्रिंट' असेल तर थांबते. तिथे जाणकारांशेजारी बसून मुक्त सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्ती करायला शिकता येतं.

परतल्यावर आठवडाभरात भेटलेल्यांना दोन ओळींचा मेल पाठवते. ओळख त्यानेच टिकते.

मुलीला पाठवताना खर्च जरूर मोजा. तिला वाट दाखवणारी माणसं तिथे भेटतात, हेही हिशेबात धरा.