अंश आणि छेद

आमच्या निपाणीत डॉक्टरांच्या नावामागे एक शब्द कायमचा चिकटतो. तो म्हणजे 'नुसता'. "ते हृदयाचे, ते हाडांचे, आणि हे आपले नुसते डॉक्टर." मिरजेहून एम.बी.बी.एस. होऊन १९७९ साली मी इथे दवाखाना थाटला, तेव्हापासून लग्नाकार्यात माझी ओळख अशीच करून दिली जाते. त्यात कुणाचा वाईट हेतू नसतो. उलट ज्यांच्या तीन पिढ्यांच्या नाड्या मी पाहिल्या, तीच माणसं हे अधिक आपुलकीनं म्हणतात.

त्यामुळे दोन वर्षांपूर्वी इंग्लंडहून माझ्या पुतणीचा फोन आला आणि तिला फॅमिली मेडिसिनमध्ये संशोधनाची फेलोशिप मिळाल्याचं कळलं, तेव्हा घरात आनंदाच्या आधी गोंधळ झाला. वहिनींनी, म्हणजे तिच्या आईनं, मला हळूच विचारलं, "म्हणजे आता ती स्पेशालिस्ट होणार ना?"

"नाही वहिनी, फॅमिली डॉक्टरच राहणार."

"मग संशोधन कशाचं करणार? सर्दी-खोकल्याचं?"

"सर्दी-खोकल्याचंसुद्धा करतात, आई," तिकडून उत्तर आलं. फोन स्पीकरवर होता हे वहिनी विसरल्या होत्या.

मलाही तो प्रकार नीट समजून घ्यावा लागला. आठवड्यातले निम्मे दिवस तिनं नेहमीसारखे दवाखान्यात रुग्ण तपासायचे, निम्मे दिवस विद्यापीठात बसायचं. पगार चालू राहतो. दोन मार्गदर्शक असतात आणि अडलं तर संख्याशास्त्रज्ञ असतो. अर्ज करताना आपला प्रश्न सोप्या भाषेत लिहून तो रुग्णांच्याच एका मंडळापुढे मांडावा लागतो. तिच्या मंडळात एक निवृत्त बसड्रायव्हर होते. त्यांनी विचारलं, "याचं उत्तर मिळालं तर माझ्या डॉक्टरांच्या वागण्यात काय फरक पडेल?" एम.डी.च्या तोंडी परीक्षेतही इतका नेमका प्रश्न कुणी विचारत नसेल. मला हेवा वाटला तो मात्र पगाराचा नाही, त्या निम्म्या आठवड्याचा. आमच्याकडे दवाखाना दोन दिवस बंद ठेवला तर तिसऱ्या दिवशी रुग्ण पलीकडच्या गल्लीत सलाइन लावून घेत पडलेला असतो.

तिनं मला एक जुनं पुस्तक पाठवलं. विल्यम पिकल्स नावाच्या खेड्यातल्या डॉक्टरचं, १९३९ सालचं. यॉर्कशायरमधलं वेन्स्लीडेल हे खोरं, त्यात आयस्गार्थ नावाचं गाव. पिकल्स आयुष्यभर तिथंच राहिला. १९२९ मध्ये खोऱ्यात काविळीची साथ आली. सुमारे ५७०० वस्तीत २५० जणांना कावीळ झाली. कोण कुणाला कधी भेटलं, कुठल्या जत्रेत कोण होतं, हे पिकल्सला माहीत होतं, कारण सगळी माणसं त्याचीच. सकाळी अंथरुणात पाहिलेली एक पोरगी दुपारी गावच्या उत्सवात हजर होती, आणि पुढच्या बऱ्याच रुग्णांचा माग तिच्यापर्यंत गेला. अशा माहितीवरून संसर्ग झाल्यापासून कावीळ दिसेपर्यंत किती दिवस जातात हे त्यानं ठरवलं. शहरातल्या मोठ्या रुग्णालयाला हे जमलं नसतं. तिथं पेशंट येतो, त्याची जत्रा येत नाही.

या पिकल्सला स्फूर्ती मिळाली जेम्स मॅकेन्झीच्या पुस्तकावरून. तोही बर्नली या गिरणगावातला साधा डॉक्टर. अठ्ठावीस वर्षं गल्लीबोळांतून हिंडत त्यानं एकेका रुग्णाच्या नाडीचे आलेख शाईनं कागदावर उतरवून घेतले. त्यासाठी यंत्र बनवून घेतलं ते एका घड्याळजीकडून. हृदयाचा कोणता अनियमित ठोका घातक आणि कोणता निरुपद्रवी, हे कळायचं तर तोच माणूस वर्षानुवर्षं डोळ्यांपुढे असावा लागतो, हे त्याचं म्हणणं.

आणि इतक्या लांब कशाला जायचं? महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिम्मतराव बावस्कर विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी रात्र रात्र बसून नोंदी करत होते. कोकणातला लाल विंचू चावला की माणसं हृदय आणि फुप्फुसं निकामी होऊन जात. त्यांच्या निरीक्षणांना 'लॅन्सेट'नं १९८२ साली जागा दिली. प्राझोसिन हे रक्तदाबाचं स्वस्त औषध विंचवावर चालतं, हे त्यांनी दाखवून दिलं. पुढे २०११ मध्ये ७० रुग्णांवरची त्यांची रीतसर चाचणी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आली. २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. फेलोशिप कुणी दिली नव्हती. पण प्रत्येकानं बावस्करांसारखं हाडाचं पाणी करावं, तरच संशोधन होईल, अशी व्यवस्था असणं हे काही भूषणावह नाही. भारतात फॅमिली मेडिसिनचं एम.डी. करता येईल अशा जागा आजही मोजक्याच आहेत. मग त्यातलं संशोधन कोण करणार?

पुतणीनं मला १९६१ सालचा एक अमेरिकन हिशेब सांगितला. केर व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेला. हजार प्रौढ माणसं घ्या. महिन्याभरात साडेसातशे जणांना काही ना काही दुखतं-खुपतं. अडीचशे डॉक्टरांकडे जातात. नऊ जण रुग्णालयात दाखल होतात, पाच जणांना दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवलं जातं, आणि विद्यापीठाच्या मोठ्या रुग्णालयात पोचतो तो एकटा. वैद्यकाची पुस्तकं लिहिली जातात ती बरीचशी त्या एकट्यावरून. हे ऐकल्यावर मी दवाखान्याच्या बाकड्यांकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहू लागलो, एवढं खरं.

आता तिचा प्रश्न. तिच्या दवाखान्यात गुजराती आणि पंजाबी म्हातारी माणसं पुष्कळ येतात. दुभाष्यामार्फत बोलतात. ती 'चक्कर' म्हणतात, दुभाष्या त्याचा एक इंग्रजी शब्द करतो आणि तोच संगणकावर चढतो. मधल्या वाटेत काय सांडतं, हे तिला शोधायचं आहे. आणि इथंच तिला काका आठवले.

त्याचं कारण माझ्या वह्या. आमच्या गावात तंबाखूच्या वखारी होत्या तेव्हा दिवसाला पाच-सात बाया तरी चक्कर येते म्हणून यायच्या. तंबाखूची धूळ, उपास, पांढरेपण, आणि घरच्या कटकटी. मिरजेला शिकल्याप्रमाणे मी वहीत एकच इंग्रजी शब्द लिहू शकलो असतो. पण बाई जे बोलली तेच लिहायची मला सवय लागली. गरगरतंय. भोवळ आली. अंधारी येतीया. तोल जातोय. डोकं हलकं पडलंय. कानडी बायकांचं तसंच कानडीत: 'तली तिरगतैति', 'कण्णिगे कत्तलि बरतैति'. आपल्याकडे एकाच घरात सासू कानडीत कण्हते आणि सून मराठीत. दवाखान्यात आल्यावर मात्र दोघी डॉक्टरांना समजावं म्हणून 'चक्कर' म्हणायच्या. मग मी विचारायचा, "घरी काय म्हणाला होता?" तो शब्द वहीत जायचा. अशा अठ्ठेचाळीस वह्या कपाटात आहेत.

त्या तिला दाखवाव्यात याची मला फार हौस होती. तिनं मोबाइलवर दोन पानं बघितली, छान म्हणाली, आणि मग फेलोशिपवाली झाली.

"काका, रुग्णांची नावं असलेल्या वह्या मला मागताही येणार नाहीत, नेताही येणार नाहीत. फक्त शब्दांची यादी द्या. आणि रागावू नका, पण यातून निष्कर्ष काढता येणार नाही. तुमच्याकडे अंश आहेत, छेद नाही."

पिकल्सचं खोरं त्याचं एकट्याचं होतं. इंग्लंडात आजही प्रत्येक माणसाचं नाव एका ठरावीक दवाखान्यात नोंदवलेलं असतं. त्यामुळे किती जणांपैकी किती, हे सांगता येतं. माझ्याकडे 'अंधारी' म्हणणाऱ्या दोनशे बाया आल्या असतील, पण निपाणीत अंधारी आलेल्या एकूण किती, आणि त्यातल्या किती दुसरीकडे किंवा कोल्हापूरला गेल्या, हे मला कुठून कळणार? हिशेब बरोबर होता. तरी त्या रात्री मला झोप उशिरा लागली. चाळीस वर्षांचे अंश म्हणजे काही थोडी गोष्ट नाही.

तिनं आणखी एक टोचणी लावली. अमेरिकेत १९७२ साली ड्राख्मन आणि हार्ट यांनी चक्करचे चार प्रकार पाडले, रुग्णाच्या वर्णनावरून. पुष्कळ वर्षं तसंच शिकवलं गेलं. मग २००७ मध्ये एका अभ्यासात रुग्णांना काही मिनिटांच्या अंतरानं तेच दोनदा विचारलं, तर निम्म्याच्या आसपास लोकांनी प्रकार बदलला! म्हणजे वर्णनापेक्षा चक्कर केव्हा येते, कशानं येते, हे विचारणं जास्त भरवशाचं.

"पण ते शब्द डॉक्टरांनी पुढे केलेले होते," मी म्हणालो. "माणसाचा स्वतःचा शब्द असाच बदलतो का, हे कुणी बघितलंय?"

ती गप्प झाली. मग म्हणाली, "काका, हे लिहून पाठवा मला. उद्याच."

मागच्या डिसेंबरात ती आली, तेव्हा माझ्या ओसरीवर वखारीत पूर्वी काम केलेल्या चारपाच बायका चहाला बसल्या होत्या. हे संशोधन नव्हे, नुसत्या गप्पा, असं तिनं दोनदा बजावलं. तरीही एकीनं विचारलंच, "सही करायची न्हाई न्हवं कुठं?" हशा झाला. पुतणीनं विचारलं, गरगर आणि अंधारी यांत फरक काय?

सगळ्यांत थोरली होती तिनं कपातला चहा बशीत ओतला. "अंधारी उठताना येती, बाई. न्हाणीतनं उठलं, चुलीपुढनं उठलं, की डोळ्यांम्होरं काळं. आणि गरगर ती पडल्यापडल्या. कूस बदलली की घर फिरतंय."

"मग तली तिरगतैति म्हणजे गरगरच ना?" मी विचारलं.

"न्हाई बा," शेजारची कानडी बाई मराठीतच म्हणाली, "तसं आमी चालतानाबी म्हणतो." तिसरीला ते पटलं नाही. चौथीनं आपल्या नणंदेचा दाखला दिला. पुतणीची पेन्सिल चालू होती. चहा दोनदा झाला, वाद काही मिटेना, आणि वहिनी दारात उभ्या राहून ऐकत होत्या, त्यांनी आतून आणखी एक पाट आणला आणि त्याही बसल्या.