तुपाशिवाय मिळून आलेली आमटी

आमटी मिळून आली की नाही, हे डाव उचलला की कळतं. फुळकवणी आमटीत डाळ तळाशी बसते, पाणी वर तरंगतं आणि पानात वाढल्यावर ते भाताला सोडून वाहत जातं. मिळून आलेली आमटी भाताला धरून राहते. दूध, दही, तूप यांना फाटा दिलेला स्वयंपाक मी बरीच वर्षं करते आहे. या स्वयंपाकाची परीक्षा पहिल्यांदा इथेच होते, असं माझं ठाम मत आहे. टोफू आणि बदामाचं दूध या नंतरच्या गोष्टी.

तूप फार सांभाळून घेतं. डाळ जरा टरटरीत राहिली, मसाला थोडा कच्चा राहिला, चिंचेचा कोळ अंमळ जास्त पडला, तरी वरून चमचाभर तूप पडलं की जेवणारा तक्रार करत नाही. दही आणि सायही अशीच पोटात घालून घेतात. ही मंडळी स्वयंपाकातून गेली की डाळीला आणि कडधान्याला स्वतःच्याच अंगाचा दाटपणा आणावा लागतो. तो वाटणाने थोडा येतो, दाण्याच्या कुटाने थोडा येतो, पण मुळात तो शिजण्यातून यावा लागतो. यासाठी मला विजेच्या प्रेशर कुकरइतकं दुसरं भांडं उपयोगी पडलेलं नाही.

मी डेन्व्हरला राहते. हे गाव समुद्रसपाटीपासून मैलभर, म्हणजे १,६०९ मीटर उंचावर आहे. इथे पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात हरभरे ठेवले तर सगळी दुपार जाते. कडधान्य खाणाऱ्याचं इथे प्रेशर कुकरवाचून भागत नाही. विजेचा कुकर बाहेरच्या हवेपेक्षा साधारण ७० ते ८० किलोपास्कल जास्त दाब धरतो. समुद्रकाठी त्या दाबाला आतलं तापमान ११५ ते ११८ अंशांपर्यंत चढतं. इथे बाहेरची हवाच विरळ, म्हणून दोन-तीन अंश कमी पडतात. २,००० फुटांच्या वर दर १,००० फुटांना पाच टक्के वेळ वाढवायचा, असा एक ढोबळ नियम आहे आणि तो मला उपयोगी पडला आहे. कोकणातून आलेल्या कृतीत तीस मिनिटं असतील तर मी पस्तीस लावते.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. ‘काकू, आई म्हणाली चार शिट्ट्या. म्हणजे यात किती मिनिटं?’ रॉबर्ट वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडातल्या ओटावामध्ये बनवलेला इन्स्टंट पॉट २०१० साली बाजारात आला. त्यानंतर इथल्या घराघरांत असे कुकर पोचले, पण शिट्टीचं कोष्टक कुणीच बरोबर दिलं नाही, कारण ते देता येत नाही. शिट्ट्या किती वेळाने होतात हे गॅस किती मोठा आहे, भांडं किती भरलं आहे आणि रिंग किती जुनी आहे यावर ठरतं. शिवाय गॅसवरचा कुकर जास्त दाबाचा असतो. त्याचं तापमान समुद्रकाठी १२० अंशांपर्यंत जातं. तेव्हा शिट्ट्या विसरा आणि कडधान्याकडे बघा, असं मी मुलांना सांगते.

शिट्टी नसण्यातच या भांड्याचा खरा गुण आहे. गॅसवरच्या कुकरची शिट्टी झाली की आतला दाब क्षणभर खाली येतो आणि शंभराच्या वर तापलेलं पाणी एकदम खदखदून उकळतं. दाणे एकमेकांवर आपटतात, सालं फाटतात, फेस वर येतो. विजेच्या कुकरचा दाब एकदा चढला की तो वीज चालू-बंद करत तेवढाच सांभाळतो, वाफ बाहेर सोडत नाही. दाब हलत नाही म्हणून पाणीही ढवळून निघत नाही. आत कडक उष्णता असते, पण खळबळ नसते. त्यामुळे दाणा अख्खा राहतो, आतून लोण्यासारखा मऊ होतो आणि बाहेरचं पाणी स्वच्छ राहतं. मग दाटपणा किती आणायचा हे आपल्या हातात येतं. दोन डाव दाणे काढून घ्यायचे, घोटायचे आणि परत सोडायचे. आमटी मिळून येते आणि दातांखाली अख्खा दाणाही येतो. गॅसच्या कुकरमध्ये बहुतेकदा यातलं एकच मिळतं.

हे सगळं शेवटच्या मिनिटाला वाया घालवता येतं. वेळ संपल्याचा आवाज आला की घाईने वाफ सोडण्याचा मोह होतो. तसं केलं की आत तीच खदखद होते, तीही शेवटी, दाणे सर्वांत नाजूक असताना. वाफ जिरू द्यावी. वीस मिनिटं, पंचवीस मिनिटं, झाकणावरची पिन आपोआप खाली बसेपर्यंत. कडधान्य त्या वेळातही शिजत असतं, म्हणून तो वेळ मी शिजण्यातच धरते.

काळ्या वाटाण्याची आमटी मी कशी करते ते सांगते, म्हणजे बाकीचं आपोआप समजेल. वाटाणे रात्री भिजवताना लिटरभर पाण्यात दोन चहाचे चमचे मीठ घालते. ‘मिठाने कडधान्य शिजत नाही’ हे मीही लहानपणापासून ऐकत आले, पण मिठाच्या पाण्यात भिजवण्याबाबत ते खरं नाही. सालीतल्या पेक्टिनला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घट्ट धरून ठेवतात. मिठातलं सोडियम त्यांची जागा घेतं आणि साल सैल पडते. पाणी जड असेल तर हा फरक फारच जाणवतो. आडकाठी करते ती आंबट चव. चिंच, आमसूल, टोमॅटो यांनी दाणा मऊ व्हायचं लांबतं, आणि गुळानेही तसंच होतं. म्हणून कुकरमध्ये यातलं काही जात नाही.

सकाळी ते पाणी ओतून टाकते, वाटाणे धुते, वर बोटाचं एक पेर राहील इतकं ताजं पाणी, चिमूट हळद, हिंग आणि अर्धा चमचा तेल घालते. तेलाने फेस दबतो. भांडं अर्ध्याच्या वर भरायचं नाही, कारण फेस झाकणाच्या भोकात गेला तर वाफेची वाट बुजते. वाफ बाहेर जात नाही, तेव्हा पाणी आटतही नाही. आईच्या अंदाजापेक्षा बरंच कमी पाणी लागतं. पस्तीस मिनिटं लावायची आणि मग वाफ जिरेपर्यंत थांबायचं. झाकण उघडल्यावर एक वाटाणा अंगठा आणि तर्जनीत धरून दाबायचा. बोटचेपा झाला असेल तर साल सुरकुतल्याशिवाय आतला गर पसरतो. मध्ये पांढरट कण लागला तर अजून पाच मिनिटं. इथल्या दुकानातलं कडधान्य किती जुनं आहे हे कुणी सांगू शकत नाही, आणि उष्ण, दमट जागी फार काळ पडून राहिलेलं कडधान्य शिजायला हट्ट करतं. अशा वेळी मी चिमूटभर खाण्याचा सोडा घालते, त्याहून जास्त नाही. जास्त झाला की चव साबणासारखी लागते.

तोवर गॅसवर वाटण तयार असतं. कांदा आणि खोबरं तेलावर काळपट-लाल होईपर्यंत भाजायचं. मालवणी मसाला असला तर उत्तम, नसला तर धणे, मिरी, बडीशेप, लवंग आणि सुक्या मिरच्या भाजून घ्यायच्या. हे भाजणं कुकरच्या भांड्यातही होतं, पण मला लोखंडी तवा बरा वाटतो. शिवाय दाट वाटण कुकरच्या तळाशी बसलं की ते लागतं, यंत्र तापमान ओळखून थांबतं आणि दाब चढतच नाही. म्हणून वाटण झाकण उघडल्यावरच घालायचं. मग दोन डाव वाटाणे घोटून सोडायचे, आमसुलं टाकायची, मीठ बघायचं आणि रटरट पाच-सात उकळ्या येऊ द्यायच्या. यात मसाला मुरतो. आंबोळीबरोबर ही आमटी खाताना दुधातुपाची आठवण कुणालाही होत नाही, हे मी अनेकांच्या ताटात पाहिलं आहे.

नारळाचं दूध तर सर्वांत शेवटी, आच बंद केल्यावर. दाबाखाली ते फुटतं आणि तेल वेगळं होतं. दाण्याचं कूटही तळाशी बसून लागतं, तेही नंतरच. चिंच, गूळ, कोथिंबीर, ओलं खोबरं आणि फोडणी हे सगळं उघड्या भांड्याचं काम आहे. फोडणी मी आजही कढल्यात करते. मोहरी तडतडायला तेल जितकं तापावं लागतं तितकं कुकरच्या रुंद तळाशी चमचाभर तेलात नीट तापत नाही. वरून ओतलेल्या फोडणीचा वासही टिकतो.

दाब देऊन शिजवणारं पहिलं भांडं डेनिस पापँ या फ्रेंच माणसाने १६७९ साली लंडनमध्ये दाखवलं, तेही हाडं मऊ करण्यासाठी. १६८२ साली रॉयल सोसायटीच्या काही सभासदांना त्याने त्यातलं जेवणही दिलं. जॉन एव्हलिनच्या रोजनिशीत त्याची नोंद आहे. गरिबाला हाडांतूनही पोषण मिळावं, ही त्याची धडपड होती. हरभरा, वाटाणा, राजमा यांचा विचार केला तर मला ती धडपड आजही जवळची वाटते. स्वस्त आणि कडक धान्य थोड्या इंधनात मऊ करून पोटात पोचवणं हेच या भांड्याचं काम.

आमच्या घरी हे सगळं मुलीमुळे आलं. कॉलेजातून सुट्टीला आली आणि म्हणाली, ‘आई, यापुढे माझ्या पानात तूप नको, दहीही नको.’ उसळी, झुणका, पिठलं, अळूची भाजी, भोगीची भाजी, खतखतं, सोलकढी यांत दूधतूप मुळातच नाही किंवा सहज गाळता येतं. खरी अडचण एकच होती. साधं वरण आणि भात. तिथे तूपच लागतं, असं आपल्याला इतकं पक्कं वाटत असतं. तेव्हा मला विदर्भातला गोळाभात आठवला. त्यावर फोडणीचं गरम तेल ओतून घेतात. पिठल्या-भाकरीवर कच्चं शेंगदाण्याचं किंवा करडईचं तेल घेणारी घरंही मला माहीत होती. तूप ही एकच वाट आपल्याकडे कधी नव्हती. आता मी तूरडाळ दहा-बारा मिनिटं लावते, वाफ पूर्ण जिरू देते आणि मग रवीने इतकी घुसळते की एकही दाणा वेगळा दिसू नये. वर लाकडी घाण्याचं तेल कोमट करून त्यात हिंगाचा कण टाकून घालते. ते तूप लागत नाही आणि लागायलाही नको. ते वरण-भातच लागतं.

वालाच्या डाळिंब्यांना मात्र वेगळं वागवावं लागतं. मोड आणून, कोमट पाण्यात टाकून, एकेक साल बोटाने दाबून काढायची एवढे कष्ट घेतल्यावर त्यांचा गाळ झाला तर जीव हळहळतो. त्यांना कमी दाबावर एकच मिनिट लावायचं आणि इथे वाफ लगेच सोडायची. काहीजण शून्य मिनिटं लावतात, म्हणजे दाब चढला की काम झालं. कोवळे वाल असतील तर तेही पुरतं. भेंडी, गवार, पालेभाज्या, भरली वांगी यांना मी कुकरमध्ये घालतच नाही. वांग्याला कढई आणि झाकणावर पाणी, हेच बरं.

दोन गोष्टी मी प्रत्येक नवशिक्याला बजावून सांगते. राजमा ‘स्लो कुक’च्या बटणावर कधीही शिजवायचा नाही. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असतं. खळखळ उकळलं की ते नष्ट होतं, पण मंद आचेवर अर्धवट तापलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त बाधू शकतो. भिजवून, ते पाणी फेकून, पूर्ण दाबावर शिजवला की भीती नाही. दुसरं म्हणजे बी-१२. ते डाळीत नाही, भाजीतही नाही. दूध सोडलेल्या माणसाने डॉक्टरांना विचारून त्याची गोळी घ्यावी. स्वयंपाक कितीही चांगला असला तरी ही उणीव तो भरून काढत नाही.

होळीला पुरण मी यातच शिजवते. हरभऱ्याची डाळ दोन तास भिजवून तिप्पट पाण्यात, हळद आणि थोडं तेल घालून, बारा-तेरा मिनिटं लावते. गूळ नंतर, कढईत. पोळी तेलावर भाजते आणि सोबत नारळाचं दूध घेते, कोकणात ते घेतातच. कट हळदीने पिवळा आणि स्वच्छ निथळून येतो, कारण डाळ आत घुसळली गेलेली नसते. त्याची आमटी करायची असेल तर कट काढताना सगळी डाळ निथळून घेऊ नये. डावभर डाळ त्यातच राहू द्यावी, हाताने मोडावी आणि मग भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण, गोडा मसाला, चिंच आणि गूळ घालून उकळावी. नुसत्या पाण्याला मसाल्याने अंग येत नाही.