सोलापूर : निघण्याचा दिवस

सकाळी नऊच्या आतच लॉज ओस पडलं. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर, गाणगापूर अशी फेरी करणारी मंडळी सोलापूरला पाठ टेकायला येतात आणि चहा घेऊन गाडीत बसतात. काउंटरवरच्या काकांनी माझी सॅक आत ठेवून घेतली. "कोकणातून आलाव म्हणता. समुद्र सोडून इथं काय बघायलाव?" संध्याकाळच्या एसटीनं विजापूर गाठायचं होतं, म्हणजे उत्तर शोधायला अख्खा दिवस हाताशी होता. समुद्राची आठवण फारच आली तर गोव्याला इथून आता विमान जातं, ही माहितीही काकांनीच पुरवली.

तळ्यातलं सिद्धेश्वराचं देऊळ आणि शेजारचा भुईकोट किल्ला आधीच पाहून झाले होते. त्यामुळे आज आधी भैय्या चौकाकडे, डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या स्मारकात. 1910 साली जन्मलेला हा सोलापूरकर 1938 मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेला आणि 1942 मध्ये तिथेच वारला, अवघ्या बत्तीस वर्षांचा. मी स्मारकात होतो तेवढा वेळ दुसरं कोणी आलं नाही. शांतारामबापूंनी त्यांच्यावर सिनेमा काढला म्हणून देशाला नाव तरी माहीत झालं.

तिथून चार हुतात्मा चौक. मे 1930 मध्ये इंग्रजांनी या शहरात मार्शल लॉ पुकारला आणि 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात चौघांना फाशी दिली : मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. ही चार नावं एका दमात वाचली की इथली वस्ती कशी आहे ते वेगळं सांगावं लागत नाही. त्यात तेलुगू नाव तेवढं नाही. ती भाषा ऐकायला पूर्व भागात जावं लागतं, आणि खरं सोलापूर तिथेच आहे असं माझं मत झालंय.

अशोक चौकाच्या पुढे गल्लीत शिरलं की मागांची खटखट सुरू होते. एका कारखान्याच्या दारात रेंगाळलो, तर मालकच बाहेर आले. पद्मशाली, पिढ्यान् पिढ्या विणकाम. "या की आत, बाहेरून काय दिसणारंय?" आत बोलणं अशक्यच, सगळा कारभार हातवाऱ्यांवर. डोक्यावर जेकार्डचा सांगाडा, त्यावरून पुठ्ठ्याच्या भोकाभोकांच्या कार्डांची माळ सरकत असते. भोक असेल तिथला ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. त्या फटीतून धोटा जातो आणि मोराच्या पिसाऱ्यातली एक आडवी रेघ तयार होते. पुढचं कार्ड, पुढची रेघ. मालकांनी तयार चादर उलटीसुलटी करून दाखवली. एकीकडे लाल जमिनीवर पिवळा मोर, दुसरीकडे पिवळ्या जमिनीवर लाल. या चादरीला उलटी बाजू नसते. घरी आयुष्यभर अंगावर घेतली, पण हे कधी लक्षात आलं नव्हतं.

बाहेर आल्यावर त्यांचा खरा राग निघाला. चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी बाहेरून आलेला हलका माल सोलापुरी म्हणून खपतो. "शिक्का बघू नका, हातात धरून वजन बघा," म्हणाले. वजन पाहिलं आणि सॅकचा विचार करून घाम फुटला. शेवटी चादर घेतली, पोस्टात नेऊन आईच्या पत्त्यावर पाठवली आणि स्वतःसाठी एक टॉवेल ठेवला. प्रवासी म्हणून मिरवणाऱ्यानं यापेक्षा जास्त खरेदी करू नये.

त्याच भागात दारादारांत बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या. पत्र्याच्या मापानं पान कापायचं, तंबाखू भरायची, वळून दोरा बांधायचा, आणि हे सगळं शेजारणीशी तेलुगूत गप्पा मारता मारता. 1877 साली सुरू झालेली जुनी गिरणी बंद पडली, पाठोपाठ इतर मोठ्या गिरण्याही गेल्या, आणि त्यानंतर कित्येक घरं या सुपावर तगली. अक्कलकोट रस्त्याला कुंभारीत विडी कामगार बायकांसाठी 10 हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली. तिथेच असंघटित कामगारांसाठी 30 हजार घरांचं रे नगर होतंय, त्यातली 15 हजार घरं जानेवारी 2024 मध्ये मिळाली. या घरांसाठीच्या लढ्यामागचे आडम मास्तर इथं कुणालाही विचारा. देवस्थानांच्या माहितीपत्रकात यातलं काही नसतं.

दुपारचं जेवण उशिरा : कडक भाकरी चुरून आमटीत, वर शेंगाचटणी. ही चटणी कुटलेलीच घ्यावी, तेल सुटलेली. मिक्सरमधली नुसती भुकटी. वाटेसाठी भाकऱ्यांची चळत बांधून घेतली. महिनाभर टिकतात म्हणे, माझ्याजवळ दोन दिवस टिकतील.

सॅक घ्यायला गेलो तेव्हा काउंटरवर नवी मंडळी नावं लिहीत होती. उद्या पहाटे तुळजापूर. पंढरीच्या किंवा स्वामींच्या वाटेवर तुम्हीही इथं उतरत असाल तर एक विनंती : रात्र काढताच आहात, एक दुपारही काढा आणि अशोक चौकापलीकडे चालत जा. विजापूर इथून साधारण 100 किलोमीटर. पुढचा भाग तिथून.